अमानतीतला देह आणि पोटाची शस्त्रक्रिया

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा प्रश्न आपल्या घरांतूनही आता विचारला जाऊ लागला आहे. तो विचारला जातो डॉक्टरांना, आणि डॉक्टर उत्तर देतात ते शस्त्रक्रियेपुरते. भूल मानवेल का, साखर किती आहे, हृदय कसे आहे. परंतु माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर फार तर दोन-तीन तास असतो आणि त्यानंतर तीस-चाळीस वर्षे घरात असतो. त्या वर्षांचा प्रश्न जितका वैद्यकीय आहे तितकाच नैतिक आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही.

होते ती दोन तयार मतांची झटापट. एक मत असे की, अल्लाहने घडवलेल्या देहात फेरफार करण्याचा माणसाला अधिकार नाही. दुसरे मत असे की, जिभेवर ताबा नाही म्हणून हे चोचले; रोजे ठेवा, चाला, वजन आपोआप उतरेल. पहिल्या मताला उत्तर देणे अवघड नाही. अपेंडिक्स कापून काढतात, मोतीबिंदू काढतात, तेव्हा हा आक्षेप कोणी घेत नाही. दहाव्या शतकात कॉर्डोव्याच्या अल-जहरावींनी शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला, हत्यारांच्या आकृत्या काढल्या. इलाज आपल्या परंपरेला परका नाही. दुसरे मत मात्र अधिक क्रूर आहे. वजन उतरू लागले की शरीर स्वतःच खर्च कमी करते आणि भूक वाढवते, हे आता शास्त्राला पुरते ठाऊक आहे. शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला ‘कमी खा’ सांगणे म्हणजे दम्याच्या रोग्याला ‘नीट श्वास घे’ सांगण्यासारखे आहे. आणि असे सांगणारेच दावतीत त्याच्या ताटात आग्रहाने आणखी दोन बोट्या टाकतात.

या दोन्ही मतांना बाजूला ठेवून मुळात होते काय ते पाहू. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात. तो परत बसवता येत नाही. ‘बायपास’मध्ये जठराची एक लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात; अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. लोह आणि कॅल्शियम शोषले जाण्याची मुख्य जागा नेमकी तीच. म्हणून आयुष्यभर लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व, बी-१२ घ्यावे लागते आणि दरवर्षी रक्त तपासावे लागते. हयगय झाली तर रक्त कमी होते, हाडे विरळ होतात, पायांना मुंग्या येऊन संवेदना जाते. हे दोन वर्षांनी होईल किंवा बारा वर्षांनी. तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळचे डॉक्टर समोर असतीलच असे नाही.

धोका मोजायचा तर आकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. अनुभवी हातांत शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरात दगावण्याचे प्रमाण हजारात एक ते तीन, म्हणजे लोकांना वाटते त्याहून पुष्कळ कमी आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या स्थूल माणसांचा दीर्घ अभ्यास झाला. त्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, शस्त्रक्रिया केलेले लोक सरासरी तीन वर्षे अधिक जगले. तरीही सर्वसाधारण लोकांपेक्षा ते साडेपाच वर्षे कमीच जगले. त्याच अभ्यासात मधुमेह असलेल्यांपैकी बहात्तर टक्के लोकांचा मधुमेह दोन वर्षांनी मावळलेला होता. पंधरा वर्षांनी हे प्रमाण तीस टक्क्यांवर आले. फायदा खरा आहे. पण तो जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन छायाचित्रांइतका साधा नाही. काहींचे वजन परत वाढते, काहींना पित्ताशयाचे खडे होतात, आणि शस्त्रक्रियेनंतर नैराश्य व स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार काही जणांत वाढलेले आढळतात. ज्या दुःखावर अन्नाची मलमपट्टी होती ते दुःख उघडे पडते.

इतिहासाचाही एक धडा आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत आतड्याचा बराच मोठा भाग वगळणारी एक शस्त्रक्रिया केली जात असे. वजन झपाट्याने उतरे. पुढे कित्येकांचे यकृत निकामी झाले, मूत्रपिंडात खडे झाले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. २००० नंतर जठराला पट्टा बांधण्याची पद्धत जोरात होती. तो पट्टाही पुढे अनेकांच्या पोटातून काढावा लागला. दूरचे परिणाम कळायला दूर जावेच लागते, आणि जे सर्वांत आधी जातात ते इतरांसाठी ती किंमत मोजतात.

२०१७ च्या फेब्रुवारीत अलेक्झांड्रियाच्या इमान अब्देल अती या स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईला आणले गेले. वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितले जात होते. वीस-पंचवीस वर्षे ती घराबाहेर पडलेली नव्हती. मार्चमध्ये सैफी हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात ती अबुधाबीला गेली आणि २५ सप्टेंबरला तिथेच वारली. वजन नेमके किती उतरले यावर तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. वर्तमानपत्रे किलो मोजत राहिली. त्या वादात मला शिरायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, इतक्या टोकाला निर्णय तुलनेने सोपा असतो. काहीही न करण्याचा अर्थ तिथे स्पष्ट असतो.

अवघड प्रश्न मधल्या जागेवर आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या निकषानुसार बीएमआय चाळीस, किंवा जोडीला आजार असल्यास पस्तीस, असेल तरच शस्त्रक्रिया करायची होती. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी हा उंबरठा खाली आणला. आशियाई लोकांसाठी साडेसत्तावीसच्या पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे म्हटले. त्याला कारण आहे, आपल्याकडे मधुमेह कमी वजनातच गाठतो. पण हिशेब करून पाहा. पाच फूट एक इंच उंचीची बाई सदुसष्ट किलोची झाली की ती या उंबरठ्यात येते. अशा किती बाया आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत!

इथे मला वक्फच्या मुतवल्लीची आठवण येते. देह ही अमानत आहे असे आपण म्हणतो, पण त्याचा अर्थ ‘हात लावू नका’ एवढाच घेतो. मुतवल्ली मालक नसतो, म्हणून मिळकत विकू शकत नाही. पण छप्पर कोसळत असताना ‘मी फक्त रखवालदार’ म्हणून तो स्वस्थ बसला तर तोही गुन्हेगारच. दुरुस्ती करणे त्याचे कर्तव्य आहे. मात्र दुरुस्ती वास्तू टिकावी म्हणून करायची. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दर्शनी भाग आवडावा म्हणून भिंत पाडायची नाही. आणि दुरुस्ती केली की तिच्या देखभालीची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

या कसोटीवर घासून पाहावे. साखर, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास, झिजलेले गुडघे यांनी घेरलेल्या माणसाने शस्त्रक्रिया केली तर तो छप्पर सावरतो आहे. पण पंचविशीतल्या मुलीला रिश्ता यावा म्हणून घरचे लोक टेबलावर निजवणार असतील तर ते काय सावरत आहेत? तिची संमती घेतली असे म्हणतात. रोज जेवताना टोमणे ऐकणाऱ्या मुलीची ‘हो’ ही संमती असते का? शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि आपल्याकडे निकाहनंतर सहा महिन्यांत सासू विचारू लागते. सासरी सांगायचे की लपवायचे? लपवले तर रोजच्या गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि लपवलेल्या गोळ्या लवकरच बंद पडतात.

दस्तरखान बदलतो, हे तर कोणी सांगतच नाही. एका थाळ्यात चौघांनी जेवण्याची आपली रीत. त्यात एक जण चार घासांत थांबतो. रमजानमध्ये तर कसोटीच असते. पाणी घोट-घोट प्यावे लागते, म्हणून सेहरीत दिवसभराची तहान भागवून घेता येत नाही. बायपास झालेल्याने इफ्तारला गोड शरबत घटाघटा प्यायले तर छाती धडधडते, घाम फुटतो, भोवळ येते. सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर सहसा रोजे ठेवू देत नाहीत. पुढेही त्यांना विचारूनच ठेवावे लागतात. आजाऱ्याला सवलत आहे, हे सर्वांना पाठ असते. पण बारीक झालेल्या, हिंडत्या-फिरत्या माणसाला कोणी आजारी मानत नाही. ‘आता तर तब्येत छान आहे, मग रोजा का नाही?’ असे विचारणारे घरातच असतात.

२०२५ मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शने भारतातही आली. त्यांचा एक गुण असा की ती थांबवता येतात. आणि दोष असा की थांबवली तर वजन बहुधा परतते. निवड करायला आता एक वाट अधिक आहे, पण आयुष्यभराच्या बांधिलकीचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आज ‘हो’ म्हणणारा माणूस एक असतो आणि त्याची किंमत मोजणारा साठीतला माणूस दुसराच असतो. तो आज इथे हजर नाही, त्याची सही कोणी घेत नाही. मला वाटते, निर्णय त्याच्या वतीने घेतला पाहिजे. वीस वर्षांनी माझे रक्त कोण तपासून घेईल, औषधांचा खर्च निघेल का, घरात हे कोणाकोणाला ठाऊक असेल, आणि लोकांनी मला पाहिलेच नसते तरी मी हे केले असते का, एवढे प्रश्न त्याच्यासाठी विचारून घ्यावेत. उत्तरे समाधानकारक असतील तर बिस्मिल्लाह म्हणून टेबलावर जावे, आणि कोणी नावे ठेवली तर ती ऐकू नयेत. उत्तरे नसतील तर थांबण्यात भित्रेपणा नाही. आणि आपण, जे बाजूला बसून पाहणारे आहोत, त्यांनी आधी दुसऱ्याच्या ताटात वाढणे आणि मग त्याच्या देहावर बोलणे, ही दोन्ही कामे थांबवावीत.