ख्रिस्ती विद्यार्थ्यानें कोठें राहावें?

बारावीचे निकाल लागले म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांकडून एक प्रश्न आमच्याकडे हटकून येतो. तो असा कीं, "मुलीला महाविद्यालयांत जागा मिळाली आहे, पण तेथें आपल्या लोकांचें वसतिगृह नाहीं, सर्वांबरोबर राहावें लागेल, तर अशा ठिकाणीं तिला पाठवावें काय?" हा प्रश्न विचारणारा बाप बहुधा शेतमजूर असतो, नाहीं तर दोन-चार एकरांचा शेतकरी. कर्ज काढून शिकविण्यास तो तयार आहे. त्याचें भय पैशाचें नव्हे. जें लेकरूं आपण ख्रिस्ताच्या हातीं दिलें, तें आपणच दूर लोटीत नाहीं ना, हें त्याचें भय आहे. अशा भयास हंसणें सोपें आहे. पण तें प्रीतीपासून उपजलें आहे, म्हणून त्याचें नीट विचार करून उत्तर देणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम, मिशनांनीं बोर्डिंगें कां काढलीं, हें ध्यानांत घ्यावें. बाबा पदमनजी ह्यांचा बाप्तिस्मा १८५४ सालीं झाला. त्या काळीं एखाद्या तरुणानें उघडपणें ख्रिस्ताचा स्वीकार केला कीं घरचें दार त्याला बंद होई, विहिरीवरचें पाणी तुटे आणि भाड्यानें खोलीही मिळत नसे. अशा निराश्रितांस छप्पर पाहिजे होतें, तें मिशनांनीं दिलें. पुढें खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मुलांस शाळा जवळ नव्हती, म्हणून त्यांच्यासाठींही बोर्डिंगें झालीं. तेथें पहाटे घंटा वाजे आणि सर्व मुलें प्रार्थनेस बसत. जेवणाची घंटा, अभ्यासाची घंटा, निजण्यापूर्वींच्या प्रार्थनेची घंटा. त्या घंटेनें आपल्या किती पिढ्या वाढविल्या, ह्याबद्दल देवाचे उपकार मानावे तितके थोडेच. तथापि छप्पर जें दिलें तें पाऊस थांबेपर्यंत. त्याच्याखालीं जन्मभर बसावें, असा देणाऱ्यांचाही हेतु नव्हता.

आतां वर्धा जिल्ह्यांतलेंच उदाहरण घेऊं. वर्धा शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. १९३६ सालीं गांधीजी तेथें राहावयास आले, तेव्हां त्या गांवाचें नांव शेगांव होतें; सेवाग्राम हें नांव १९४० सालीं पडलें. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६९ सालीं, डॉ. सुशीला नायर ह्यांनीं तेथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. खेड्यांतील गरिबांची सेवा करणारे डॉक्टर खेड्यांतच तयार व्हावे, हा तिचा हेतु. तेथील विद्यार्थ्यांस कांहीं नियम पाळावे लागतात. अंगावर खादी असावी, अन्न शाकाहारी असावें, दारू व तंबाखू ह्यांस शिवूं नये, श्रमदान करावें, आणि सर्वधर्म प्रार्थनेस हजर राहावें. नवे विद्यार्थी आरंभीं पंधरवडाभर आश्रमांत राहतात, आणि प्रत्येक वर्षाचा वर्ग एक गांव दत्तक घेऊन तेथील कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष देतो. अशा संस्थेंत आमच्या एखाद्या मंडळीची मुलगी गेली, तर तिनें काय मान्य करावें, काय नाकारावें, आणि कोणीं न सांगतां काय करावें? हा एक प्रश्न दिसतो खरा. पण तो तीन प्रश्नांचा गुंता आहे. एकेक धागा सोडवूं.

पहिला धागा अन्नवस्त्राचा. आपल्या लोकांपैकीं कित्येकांस वाटतें कीं, मांस सोडणें म्हणजे मागें फिरणें. त्यांनीं दानीएलाची गोष्ट पुनः वाचावी. दानीएल व त्याचे तीन मित्र हे एका परीनें परदेशीं शिकावयास ठेवलेले विद्यार्थीच होते. बाबेलच्या राजानें त्यांस तीन वर्षें खास्द्यांची विद्या व भाषा शिकण्यास ठेविलें, आणि त्यांची नांवेंही बदललीं. विद्या त्यांनीं मनापासून घेतली. नव्या नांवांवरून भांडण केलें नाहीं. पण राजाच्या ताटांतलें अन्न व द्राक्षारस नाकारून त्यांनीं शाकभाजी आणि पाणी मागितलें, आणि दहा दिवसांनीं तेच सर्वांहून टवटवीत दिसले. तेव्हां भाजीभाकरीवर राहून विश्वास क्षीण होतो, असें शास्त्र जाणणाऱ्यानें तरी म्हणूं नये. पौलानेंही रोमकरांस हेंच समजाविलें कीं, खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास तुच्छ मानूं नये, आणि न खाणाऱ्यानें खाणाऱ्यास दोष लावूं नये. ह्या वचनाला दोन बाजू आहेत, त्या दोन्ही आमच्या मुलीनें जपाव्या. संस्थेचा नियम तिनें आनंदानें पाळावा. पण मांस खाणारा तो हलका, असें कोणी बोलला, तर तें मात्र तिनें नम्रपणें आणि स्पष्टपणें नाकारावें. कारण ताटावरून माणसाची किंमत करण्याच्या ह्याच रोगानें आपल्या वाडवडिलांस गांवकुसाबाहेर बसविलें होतें.

खादीविषयीं वर्ध्यानेंच एक साक्ष देऊन ठेविली आहे. जे. सी. कुमारप्पा हे १८९२ सालीं तंजावर येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले. लंडनमध्यें हिशेबतपासनिसाचें काम शिकले. पुढें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास केला. घराण्यांत चालत आलेलें कॉर्नेलियस हें आडनांव सोडून त्यांनीं पूर्वजांचें कुमारप्पा हें नांव पुनः धारण केलें. १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां त्याचा कारभार हातीं घेऊन ते वर्ध्याच्या मगनवाडींत राहिले. तेथेंच १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें. हा विलायती शिक्षणाचा मनुष्य खादी नेसला, साधें जेवला, घाण्याचा व हातकागदाचा विचार करीत बसला. आणि तुरुंगांत गेला तेव्हां त्यानें येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलें, तें १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. राजकुमारी अमृत कौर ह्याही ख्रिस्ती घरांत वाढलेल्या. त्या सेवाग्रामांत राहून गांधीजींच्या चिटणिसाचें काम करीत, आणि १९४७ सालीं स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. ह्या दोघांच्या सर्वच मतांशीं आपण सहमत असावें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वस्त्र आणि नांव बदलल्यानें ख्रिस्त दुरावतो, हें म्हणणें त्यांच्या आयुष्यापुढें टिकत नाहीं.

दुसरा धागा प्रार्थनेचा. आणि खरें भय येथेंच आहे. सर्वधर्म प्रार्थनेंत अनेक धर्मांचीं वचनें एकामागून एक म्हटलीं जातात. पवनारच्या विनोबांनीं रचलेल्या नामस्मरणांत तर इतर नांवांच्या ओळींत येशूचेंही नांव आहे. तें ऐकून कोणी म्हणेल, आपल्या प्रभूचा मान केला; दुसरा म्हणेल, त्याला रांगेंत उभें केलें. दोघांचेंही मन आम्हांस कळतें. मग ह्या मुलीनें तेथें बसावें कीं उठून जावें?

पवित्र शास्त्र ह्याला एकच ठराविक उत्तर देत नाहीं. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो ह्यांनीं सोन्याच्या मूर्तीपुढें गुडघा टेकला नाहीं, भट्टी पत्करली. उलट अरामी सेनापति नामान हा परमेश्वरावर विश्वास ठेवूं लागल्यावर त्यानें अलीशाला विचारलें कीं, माझा धनी रिम्मोनाच्या देवळांत माझ्या हातावर टेकून नमन करील, तेव्हां मलाही वांकावें लागेल, तर त्याची मला क्षमा होईल काय? संदेष्ट्यानें त्याला शांतीनें जा म्हटलें. एके ठिकाणीं भट्टी, दुसऱ्या ठिकाणीं शांति. हा फरक कशाचा? आमच्या मतें असा. बाबेलांत राजाला त्या तिघांचें अंतःकरणच पाहिजे होतें. नामानाचें अंतःकरण कोणाचें, हें त्यानें आधींच ठरविलें होतें आणि संदेष्ट्यापुढें उघड केलें होतें. म्हणून आम्ही म्हणतों, तिनें प्रार्थनेस आदरानें बसावें. जें आपल्या मुखानें खरेपणानें म्हणवेल तें म्हणावें. जें म्हणवणार नाहीं तेथें गप्प राहून मनांत आपल्या स्वर्गीय पित्याशीं बोलावें. कोणीं विचारलें तर कारण सांगावें, न विचारलें तर वाद करूं नये. पण उद्यां कोणी तिला म्हणेल कीं, ख्रिस्ताला सोडल्यावांचून तूं आमची नव्हेस, तर तेथें नामानाची गोष्ट संपली आणि भट्टीची सुरू झाली, हें तिनें ओळखावें.

येथें आपणां सर्वांस एक गोष्ट आठवली पाहिजे. मिशनच्या शाळांत पिढ्यानुपिढ्या हिंदु व मुसलमान मुलें शास्त्राच्या तासाला बसत आलीं. त्यांचे आईबापही रात्रीं असेच तळमळत असतील. त्यांचीं मुलें आपल्या प्रार्थनेच्या वेळीं शांत बसलीं, तर आपण त्यास सभ्यपणा म्हणत होतों. मग आपलें मूल दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळीं शांत बसलें, तर त्यास धर्मत्याग कसें म्हणावें? लोकांनीं आपल्याशीं जसें वागावें असें आपणांस वाटतें, तसेंच आपणही त्यांच्याशीं वागावें, ही प्रभूची आज्ञा आईबापांच्या भयालाही लागू आहे.

तिसरा धागा सर्वांत बारीक, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें मुलें ह्यांतच अडकतात. नव्या वसतिगृहांत तिचा छळ होईल, असें आपण समजतों. बहुधा तसें कांहीं होत नाहीं. होतें तें एवढेंच कीं, घंटा वाजत नाहीं. पहाटे कोणी उठवीत नाहीं. शेजारच्या खाटेवरची मुलगी रात्रीं एक वाजेपर्यंत वाचीत असते. शास्त्र पेटींत राहतें, आणि महिना जातो. मग कोणी आडनांवावरून जात विचारतो, आणि ती कांहींतरी गुळमुळीत उत्तर देते. तांदुळासाठीं बाटलेले, अशी थट्टा कोणाबद्दल तरी कानांवर येते, आणि आपण कोण हें ती सांगत नाहीं. कोणीं तिचा विश्वास हिरावून घेतला नाहीं. ती स्वतःच तो पदराआड लपवूं लागली. घंटेच्या तालावर केलेली प्रार्थना तिची होती कीं घंटेची, हें येथेंच कळतें. आणि हें केव्हां ना केव्हां कळणें अवश्य आहे, कारण घंटा जन्माला पुरणारी नव्हे.

ह्यावर आमचा सल्ला साधा आहे. पहिल्याच रात्रीं खोलींतील सोबतिणींसमोर शास्त्र उघडावें. पहिल्या रात्रीं जें सहज होतें, तें तिसऱ्या महिन्यांत धैर्याचें काम होऊन बसतें. दानीएलाची खिडकी यरुशलेमेच्या दिशेनें उघडी असे, आणि त्याचा हा नेम जुना होता. बंदीचा हुकूम निघाल्यावर त्यानें तो नव्यानें सुरू केला नाहीं. त्याला तीन मित्र होते, तसे तिनेंही दोघे-तिघे शोधावे. रविवारीं जवळच्या मंडळींत उपासनेस जावें. पण रुग्णालयांत काम लागलें, तर मन खाऊं नये. प्रभूनें शब्बाथ दिवशींच आजाऱ्यांस बरें केलें आहे. आणि नाताळांत आईनें पाठविलेल्या करंज्या एकटीनें न खातां सबंध मजल्यावर वांटाव्या. तेवढ्यानें ती कोण आहे हें सर्वांस कळेल, व गोडपणानें कळेल.

शेवटीं मंडळीविषयीं. मुलगी निघाली त्या दिवशीं आपण प्रार्थना करतों, आणि मग तिला विसरतों. ती सुटींत आली कीं तिची खादी पाहून, ती मटण नको म्हणाली तर तेवढ्यावरून, म्हाताऱ्या बाया कुजबुजतात. बंधूंनो, परक्या वसतिगृहानें जें केलें नाहीं, तें अशा कुजबुजीनें होतें. उपदेशक बंधूंनीं महिन्यांतून एकदां तिला पत्र लिहावें किंवा फोन करावा, आणि त्यांत पहारेकऱ्याचे प्रश्न नसावे. ती घरीं आली म्हणजे तिच्या वर्गानें घेतलेल्या गांवाची हकिकत तिला मंडळीपुढें सांगूं द्यावी. आपल्या लेकीनें कोणाच्या झोपडींत जाऊन कोणाचें बाळ तपासलें, हें ऐकून पुष्कळांचीं भयें आपोआप निवतील.

म्हणून त्या बापास आमचें उत्तर हें कीं, भाऊ, मुलीला पाठवा. तिच्या पेटींत शास्त्र ठेवा, आणि तें ठेवतांना तिच्यासमोर उघडून एक अध्याय वाचा. जो प्रभु आपल्या वस्तींत तिच्याजवळ होता, तो सेवाग्रामच्या वाटेवर तिला सोडून माघारीं येणार नाहीं.