डब्यावरील तारीख

अन्न शिळें केव्हां झालें हें कोणीं ठरवावें, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गांत सहसा निघत नाहीं. तो स्वयंपाकघरांत निघतो आणि तेथेंच त्याचा निकालहि लागतो. परंतु गेल्या महिन्यांत सदरमधील आमच्या घरीं एका बिस्किटांच्या डब्यावरून तो उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल देतांना मी, ज्यानें उभें आयुष्य नीतिशास्त्र शिकविण्यांत घालविलें, असा कांहीं चुकलों कीं ती चूक सांगितल्यावांचून या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार उरत नाहीं.

डब्यावर छापलेली मुदत संपून आठ दिवस झाले होते. सूनबाईनें तो फडताळांतून काढून बाजूला ठेवला. माझ्या मातोश्रींनीं त्यांतील एक बिस्किट मोडलें, नाकाशीं धरलें, चवीपुरता तुकडा जिभेवर ठेवला, आणि यांत कांहीं बिघडलेलें नाहीं असा निर्णय दिला.

"आजी, तारीख गेली आहे त्याची, बाळाला नको," सूनबाई म्हणाली.

"अगं, बाळाला तारीख खाऊं घालायची आहे कीं बिस्किट?" मातोश्रींनीं विचारलें. मग दोघींनींहि माझ्याकडे पाहिलें.

वरवर पाहतां हें दोन पिढ्यांमधलें नेहमींचें भांडण. परंतु नीट पाहिलें तर हा प्रमाणांचा वाद आहे. मातोश्रींचा भरंवसा प्रत्यक्षावर, सूनबाईचा शब्दावर. आपल्या नैयायिकांनीं शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानलें, पण अट घातली कीं तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. आणि आप्त म्हणजे वस्तु जशी आहे तशी जाणणारा, व जाणली तशी सांगूं इच्छिणारा. वात्स्यायनानें तर न्यायभाष्यांत असेंहि म्हटलें आहे कीं हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेंच लागू आहे. म्हणजे सांगणारा परका आहे ही अडचण नव्हे. प्रश्न एवढाच, कीं बिस्किटांच्या कारखानदाराला आपण आप्त म्हणावें काय, आणि म्हटलें तर तो नेमकें सांगतो काय?

आधीं मातोश्रींची बाजू पाहूं. आपलें पाकशास्त्र तारखांवांचून शतकानुशतकें चाललें. दुधाचा संशय आला तर पळीभर दूध आधीं तापवून पाहावें, आणि तें फाटलें तर पातेलें चुलीवर चढवूंच नये, ही कसोटी आजहि खरी आहे. लोणचें दिवस गेल्यानें बिघडत नाहीं, मुरतें. गीतेच्या सतराव्या अध्यायानें शिळें अन्न तामसांच्या आवडीचें ठरविलें. उलट श्रावणांतल्या शिळासप्तमीनें तेंच एक दिवस व्रत म्हणून खावयास लावलें. शिळेपणा ही केवळ घटकांची मोजणी नव्हे हें आपल्या लोकांना ठाऊक होतें. आंबिया बहाराचीं संत्रीं घेऊन दारीं येणाऱ्या माणसाला आजहि कोणी त्यांची तारीख विचारीत नाहीं. साल दाबून, फळ तळहातावर तोलून आपण निवड करतों.

परंतु नाकाला मर्यादा आहे, आणि ती आपल्या आजींना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. अन्नाला दुर्गंधि आणणारे जंतु आणि माणसाला आजारी पाडणारे जंतु बहुधा निराळे असतात. साल्मोनेला पुष्कळदां वास, रंग, चव यांपैकीं कशालाहि धक्का लावीत नाहीं. लिस्टेरिया तर फ्रिजमधल्या थंडींतहि हळूहळू वाढतो, आणि गर्भवती स्त्रियांना त्याचें भय विशेष. नाकाला कांहीं कळलें नाहीं याचा अर्थ तेथें कांहीं नाहीं असा होत नाहीं.

आतां तारखेचें म्हणणें ऐकूं. ती एक नव्हे, दोन प्रकारची असते. बहुतेक घरांत मात्र दोन्हींना 'एक्स्पायरी' या एकाच नांवानें ओळखतात. 'या तारखेपर्यंत वापरावें' ही सुरक्षिततेची मुदत. ती उलटल्यावर माल विकतां येत नाहीं. 'या तारखेपूर्वीं उत्तम' ही गुणाची मुदत. आपल्या २०११ च्या वेष्टनविषयक नियमांनींच तिची व्याख्या करतांना म्हटलें होतें कीं ती उलटल्यावरहि पदार्थ खाण्यास पूर्णपणें सुरक्षित असूं शकेल. आमच्या डब्यावर होती ती ही दुसरी.

शिवाय दोन्ही मुदती सशर्त असतात. 'थंड व कोरड्या जागीं ठेवावें' हें वाक्य तारखेच्या आसपासच बारीक अक्षरांत छापलेलें असतें आणि तें कोणी वाचीत नाहीं. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. २०१३ सालीं तर तो ४७ अंशांच्याहि पुढें गेला होता. रेसिडेन्सी रोडवरील एखाद्या दुकानाबाहेर अशा दुपारीं खोकीं उतरून उन्हांत राहिलीं, तर त्यांवरील तारीख तीच राहते, आंतला माल तो राहत नाहीं. कारखानदाराचा शब्द 'जर' या अक्षरांनीं सुरू होतो, आणि तो 'जर' सांभाळण्याचें काम दुकानदाराचें व आपलें असतें.

कारखानदार निःस्वार्थी नाहीं, हेंहि खरें. मुदत लांब ठेवली तर माल दुकानांत अधिक दिवस राहूं शकतो. आंखूड ठेवली तर तक्रार येत नाहीं, आणि आपण जुना टाकून नवा घेतों. इंग्लंडांतील कांहीं मोठ्या दुकानदारांनीं २०२२ सालीं पुष्कळ फळांवरील व भाज्यांवरील अशा तारखा काढून टाकल्या, त्या चांगलें अन्न उगीच केरांत जाऊं नये म्हणून.

तरी पण तारीख ही अनुभवाची वैरीण आहे असें मला वाटत नाहीं. १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें सुट्या मिठाईच्या ताटांपुढेंहि मुदत लिहिणें सक्तीचें केलें. मार्गदर्शनासाठीं जें कोष्टक दिलें त्यांत कलाकंदाला तो केला तोच दिवस, रसगुल्ल्याला दोन दिवस आणि बेसनाच्या लाडवाला तीस दिवस होते. कोणताहि जुना हलवाई याहून निराळें सांगता ना. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो "आज कलाकंद नका नेऊं" असें हळूच सांगत असे. परंतु संत्रा बर्फीचा डबा घेऊन रात्रीच्या गाडीनें मुंबईस जाणारा प्रवासी त्याच्या ओळखीचा नसतो. जें ओळखीच्यांना तोंडानें सांगितलें जाई तें अनोळखी माणसालाहि कळावें, एवढ्यासाठीं ती पाटी आहे. तारीख म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द.

तर त्या डब्याचा निकाल मीं काय दिला? वरील बरेंचसें विवेचन मीं दोघींना ऐकविलें, बिस्किटें निर्दोष आहेत असें सिद्ध केलें, आणि मग तो डबा उचलून आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंच्या हातीं दिला. त्या क्षणीं मला औदार्याचें समाधानहि वाटलें.

दुसऱ्या दिवशीं डबा परत आला. बाईंची मुलगी सातवींत आहे; तिनें तारीख वाचली होती. बाई माझ्याशीं कांहीं बोलल्या नाहींत. माझ्या पत्नीला म्हणाल्या, "काकू, तुमच्या नातवाले नाही चालत, तं माह्या पोरीले कसं चालन?" बोलण्यांत राग नव्हता. खरोखरीच ठाऊक नसलेली गोष्ट विचारावी तसें त्यांनीं विचारलें.

उत्तर देण्यास मजजवळ पुष्कळ होतें. नियमांतली व्याख्या होती, दोन मुदतींमधला भेद होता. एकच गोष्ट नव्हती: मीं स्वतः त्यांतलें एकहि बिस्किट खाल्लें नव्हतें. ज्या सत्यावर मी स्वतः घास घेण्यास तयार नव्हतों, तें मीं दुसऱ्याच्या मुलीपुढें वाढलें. ज्या नियमानें आपण वागतों तो सर्वांचाच नियम व्हावा असें आपल्याला इच्छितां आलें पाहिजे, हें कान्टचें मत मी दरवर्षीं फळ्यावर लिहितों. त्या दिवशीं माझ्या घरांत दोन नियम होते. नातवासाठीं शब्दप्रमाण, आणि बाईंच्या मुलीसाठीं प्रत्यक्ष. तें प्रत्यक्षहि माझें नव्हे, मातोश्रींचें.

यावर कोणी म्हणेल, अन्न फेंकून देण्यापेक्षां गरजूला दिलें तर काय वाईट? अन्न चांगलें असेल तर कांहींच वाईट नाहीं. परंतु गरजूला नको म्हणणें किती जड जातें हें देणाऱ्यानें विसरूं नये. १९७४ सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत, अवकाळी पावसांत भिजून बुरशी धरलेला मका लोकांनीं खाल्ला, आणि अफ्लाटॉक्सिन या विषानें यकृत बिघडून शंभराहून अधिक माणसें दगावलीं. तेथें उणीव डोळ्यांची किंवा नाकाची नव्हती. दुसरें धान्य नव्हतें. निवड करण्याची ऐपत असणाऱ्यानें आपली नावड दुसऱ्याच्या पदरांत घालून तिला दान म्हणावें, यांत मला आतां लाज वाटते.

तेव्हां तारखेवर विश्वास ठेवावा काय? सुरक्षिततेची मुदत असेल तर ठेवावा, नाक कांहींहि म्हणो. तान्हें मूल, गर्भवती, वृद्ध व आजारी यांच्या बाबतींत तर अवश्य ठेवावा. गुणाची मुदत असेल तर तिला जाणत्या साक्षीदाराचा मान द्यावा. साक्ष ऐकावी, अट पाळली गेली कीं नाहीं तें पाहावें, आणि निवाडा आपण करावा. मात्र निवाडा झाला कीं त्याची पहिली वाढणी आपल्याच पानावर झाली पाहिजे.

त्या संध्याकाळीं चहाबरोबर तीं बिस्किटें आम्हीं मोठ्या माणसांनीं संपविलीं. पहिलें मीं घेतलें. मातोश्रींनीं म्हटलें तशीं तीं खरोखरीच कुरकुरीत होतीं, आणि कोणाला कांहीं झालें नाहीं. तीं मला गोड लागलीं असें मात्र म्हणवत नाहीं.