पाटीवरचा प्रश्न

तरडगावात माउलींची पालखी मुक्कामाला आली की पहिली हाक तात्यांना पडायची. कोणती दिंडी कोणाच्या अंगणात उतरणार, कुठल्या विणेकऱ्याला पथ्याचं लागतं, सारं त्यांना तोंडपाठ. वय सत्त्याऐंशी. ऐकू फारच कमी येई, पण समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं बरोबर ओळखत.

२०२०च्या मार्चात टाळेबंदी आली. पासष्टीच्या पुढच्यांनी घरातच थांबावं, असं सरकारने सांगितलं. मुलाने तात्यांची खाट परसातल्या खोलीत हलवली. सून मास्क लावून ताट उंबऱ्यावर ठेवी आणि मागे सरे. सगळं काळजीपोटीच चाललं होतं. पण मास्कमागचे ओठ दिसेनात आणि तात्यांच्या लेखी घरदार मुकं झालं. पुण्याची लेक फोन करी, तेव्हा काही न कळताच ते "हो, हो" म्हणत आणि फोन नातवाकडे देत. त्या आषाढात माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पालखीतळ रिकामा राहिला. पारावरचे दोघे सोबती गेले, त्यांच्या मातीलाही जाता आलं नाही.

तात्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. रात्री तीनलाच उठून बसत. हातपाय ठणकतात म्हणत. एके दिवशी त्यांनी आपले टाळ नातवाला देऊन टाकले, बँकेचं पासबुक मुलापुढे ठेवलं आणि म्हणाले, "आता माझा नुसता भार तुम्हाला."

"काहीतरीच काय बोलता!" म्हणून मुलगा रानात निघून गेला. वय झालंय, चालायचंच, असं घरात सगळ्यांनी धरून घेतलं.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताई दारात आल्या. तात्यांना ताप नव्हता, ऑक्सिजन ९७ होता. रकाने भरायला सगळं ठीक होतं. पण ताटात भाकरी वाळून पडलेली होती आणि नातू अंगणात तात्यांचे टाळ वाजवत होता. ताईंनी सुनेला दोन गोष्टी विचारल्या, मग नातवाची पाटी मागून घेतली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'तात्या, जगू नये असं वाटतं का?'

मुलगा चपापला. "ताई, असलं विचारू नका. नसतं त्यांच्या मनात भरायचं."

तात्या बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग खडू घेऊन त्यांनी एकच शब्द लिहिला : 'रोज.'

आशाताई तिथून हलल्या नाहीत. त्या लिहीत गेल्या, तात्या बोलत गेले. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच दिवशी ताईंनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. तात्यांना एकटं ठेवू नका, औषधांचा डबा आपल्याकडे ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं आणि साताऱ्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

मुलाला मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, "म्हातारपणी नैराश्य आलं की माणूस रडेलच असं नाही. भूक जाते, झोप मोडते, अंग दुखतं. म्हणून आपण ते वयाच्या खात्यावर टाकतो. २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली, तेव्हा तिथल्या वृद्धांच्या आत्महत्या वाढल्या होत्या. आजाराची धास्ती, एकटेपण आणि आपण घराला ओझं झालो ही भावना त्यामागे दिसली. तुमच्या घरात वेगळं काय घडत होतं? आणि विचारल्याने असा विचार कुणाच्या मनात शिरत नाही. तो आधीच असला तर माणसाला सांगायला वाव मिळतो."

औषधांचा गुण यायला काही आठवडे गेले. दरम्यान तात्यांची खाट ओसरीवर आली. संध्याकाळी सगळे अंगणात लांब लांब बसू लागले. तेवढ्या अंतरावरून मास्क खाली घेऊन बोलता येई आणि तात्यांना ओठ दिसत. पाटी उशाशीच राहिली. दिवाळीपर्यंत ते पूर्ण भाकरी खाऊ लागले, नातवाकडून टाळ मागून घेतले. तरी एखाद्या सकाळी पाटीवर 'आज जड आहे' एवढंच दिसे. त्या दिवशी रानातली कामं थांबत आणि मुलगा त्यांच्याजवळ बसे.

तात्पर्य : 'वय झालंय' हे कुठल्याही आजाराचं निदान नव्हे. साथीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाचं शरीर जपताना त्याला माणसांतून तोडू नका. अन्न कमी झालं, झोप उडाली, जपलेल्या वस्तू वाटल्या जाऊ लागल्या, 'मी भार आहे' हे शब्द कानावर आले, तर विषय बदलू नका. जवळ बसा, सरळ विचारा, उत्तर ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलि मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.