दुबळे वाहन, लांबचा पल्ला

शब्दांनाही पूर्वचरित्र असते आणि ते नेहमीच गौरवाचे असते असे नाही. 'साहस' हा शब्द त्यांपैकीच एक. साहसी तरुण, साहसी प्रवास, साहसी खेळ असे आज आपण कौतुकाने म्हणतो; परंतु मनुस्मृतीत दाव्यांचे जे अठरा प्रकार सांगितले आहेत त्यांत साहस हा एक गुन्हा म्हणून येतो. बळाच्या जोरावर, उघडउघड, दुसऱ्यास इजा करणे वा त्याचे काही हिरावून घेणे म्हणजे साहस. न्यायासनासमोर उभा राहणारा हा शब्द सत्काराच्या व्यासपीठावर कसा जाऊन बसला हा भाषापंडितांचा विषय आहे. आम्ही त्यात शिरत नाही. मात्र घरातील वडीलधारी माणसे "उगीच साहस करू नकोस" असे बजावतात तेव्हा तो जुना अर्थ अजून पुरता मेलेला नाही हे ध्यानात येते.

हे आठवण्यास निमित्त झाले आटपाडीचे. तेथील एका परिचित शेतकरी कुटुंबातील माऊलीने आम्हांस गाठले आणि आपल्या मुलाची समजूत घालावी अशी गळ घातली. मुलगा तेविशीचा, पदविका घेतलेला, घरच्या डाळिंबाच्या बागेत राबणारा. त्याच्या आजोबांनी ज्या बजाज एम-८० वर उभी हयात डेअरीला दूध घातले ती गाडी गोठ्याशेजारी पडून होती. ती दुरुस्त करून, तिच्यावर बसून, अडीच हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या लेहपर्यंत जायचे असे त्याने मनात घेतले होते. "फादर, आमच्या मामंजींनी ह्या गाडीवर पोट भरलं, आन् ह्यो तिच्यावर मजा करायला निघालाय. तुम्हीच सांगा त्येला," ती म्हणाली. अपघाताचे भय तिच्या बोलण्यात होतेच. परंतु तिचा खरा आक्षेप निराळा होता आणि तो भयाहून सखोल होता. ज्या हालांतून एक पिढी नाइलाजाने गेली ते हाल दुसऱ्या पिढीने हौसेने विकत घ्यावेत, हे तिला कोठेतरी पूर्वजांची थट्टा केल्यासारखे वाटत होते.

वाचकहो, हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही.

मुलाची बाजू प्रथम पाहू. ज्यांनी एम-८० पाहिली आहे त्यांना तिची योग्यता सांगायला नको. लहान टू-स्ट्रोक इंजिन, हाताने बदलायचे गिअर, मागे कॅरिअर आणि दोन्ही अंगांस दुधाच्या किटल्या अडकवण्याचे लोखंडी हूक. गावापासून डेअरीपर्यंत आणि डेअरीपासून गावापर्यंत एवढाच तिचा संसार. मनालीहून लेहला जाताना पाच हजार मीटरांहूनही उंच खिंड ओलांडावी लागते आणि तेथे हवा सपाटीवरील हवेच्या निम्म्याच्या आसपास विरळ होते. कार्बोरेटर पेट्रोल पूर्वीइतकेच सोडतो, पण ते जाळण्यास प्राणवायू पुरत नाही. इंजिन धूर ओकते आणि चढावर धापा टाकते. हे त्या मुलास ठाऊक होते. बारीक जेट बसवण्याचा उपायही त्याने शोधून ठेवला होता. मग चांगली दणकट मोटरसायकल का नेत नाहीस, असे आम्ही विचारले. तेव्हा तो म्हणाला, "फादर, मोठ्या गाडीवर कुनीबी जाईल."

या उत्तरात तारुण्याची ऐट आहे हे खरे. पण त्यात आणखीही काही आहे आणि ते जगभरच्या अशा प्रवाशांत आढळते. तेरेसा वॉलाक आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज स्त्रिया १९३४ च्या डिसेंबरात लंडनहून पँथर मोटरसायकलवर निघाल्या. तिला साइडकार आणि तिच्याही मागे सामानाची जोडगाडी! असे अवजड लटांबर घेऊन सहाराचे वाळवंट ओलांडत त्या पुढच्या जुलैत केप टाऊनला पोचल्या. इटलीचे जॉर्जो बेत्तिनेल्ली १९९२ साली रोमहून व्हेस्पा स्कूटरवर निघाले आणि थेट व्हिएतनामातील सायगाव गाठले; पुढे हयातभर ते व्हेस्पावरच खंडे पालथी घालत राहिले आणि २००८ साली चीनमध्ये त्यांचे निधन झाले. लहान चाकांची ही स्कूटर १९४६ साली इटलीत जन्मली ती शहरातल्या कारकुनांच्या नि गृहिणींच्या सोयीसाठी. आपल्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली चेतक ही नात्याने तिचीच.

अशी वाहने निवडण्याचे मर्म काय असावे? आम्हांस वाटते ते असे: बळकट वाहन माणसाला जगापासून राखते आणि दुबळे वाहन त्याला जगाच्या हवाली करते. ज्याची गाडी बंद पडत नाही त्याला वाटेत कोणाचीच गरज लागत नाही. तो गावे पाहतो, माणसे त्याला भेटत नाहीत. ज्याची गाडी दर शंभर मैलांवर रुसते त्याला लोहाराच्या दारी बसावे लागते, परक्याच्या ओसरीवर झोपावे लागते आणि मिळेल ती भाकरी खावी लागते.

१९५२ च्या जानेवारीत अर्जेंटिनातून निघालेल्या दोन तरुणांची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. एक वैद्यकीचा विद्यार्थी, एर्नेस्तो गेव्हारा; दुसरा त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो, कुष्ठरोगावर काम केलेला. त्यांच्या जुनाट नॉर्टन गाडीचे नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलाढ्य! ही बलाढ्य गाडी चिली देशात कायमची बसली. तोवरचा त्यांचा प्रवास दोन वांड पोरांच्या उनाडक्यांहून फार निराळा नव्हता. गाडी गेली, पायपीट सुरू झाली, ट्रकवाल्यांच्या विनवण्या कराव्या लागल्या आणि मग चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीच्या वाटेवर, वाळवंटातील कडाक्याच्या थंडीत, काम शोधत निघालेले एक निष्कांचन जोडपे त्यांना भेटले. पुढे पेरू देशात अ‍ॅमेझॉनच्या काठी सान पाब्लो येथील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत ते राहिले. गेव्हाराने नंतर जो बंदुकीचा मार्ग धरला तो आम्ही योग्य मानू शकत नाही. परंतु त्याला माणसे दिसू लागली ती वाहन गेल्यानंतर, याची नोंद घेणे प्रामाणिकपणाचे होईल. ग्रानादो मात्र व्हेनेझुएलातील कुष्ठरुग्णालयात कामाला राहिला. साहसकथा सांगणारे त्याच्याविषयी फारसे बोलत नाहीत.

आता त्या माऊलीची बाजू. आटपाडी हा माणदेशाचा मुलूख, पर्जन्यछायेतला. माणगंगेला पाणी असण्यापेक्षा नसण्याचीच सवय अधिक. येथील माणसांना लांबच्या प्रवासाचे अप्रूप शिकवायला नको. पावसाळा सरला की धनगर आपले वाडे घेऊन चाऱ्यामागे मुलूख सोडतात; तट्टांच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि झोळीत नुकती जन्मलेली कोकरे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त हे लोक महाराष्ट्राला भेटले, परंतु त्यांची वाट त्या कादंबरीच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. खानापूर-आटपाडी भागातील गलाई बांधवांची गोष्ट याहून विलक्षण. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याची कला हाती घेऊन ही माणसे दुष्काळापायी घराबाहेर पडली आणि केरळपासून बंगालपर्यंत, भारताच्या कानाकोपऱ्यांत पोचली. अनोळखी भाषा, अंधाऱ्या खोलीतील भट्टी, तेजाबाचा धूर. परमुलखात पाय ठेवणाऱ्या पहिल्या माणसाचे धाडस कोणत्याही मोटरसायकलस्वाराहून उणे होते असे म्हणवत नाही. पण त्याला कोणी साहसी म्हटले नाही. तो 'पोटामागे गेला' एवढेच गाव म्हणाले.

दोघांचे श्रम सारखे असतील, रस्ताही एकच असेल; भेद आहे तो दाराचा. हौशी प्रवाशाच्या हालांना परतीचे दार असते. फारच झाले तर गाडी ट्रकमध्ये टाकून तो रेल्वेने घरी येऊ शकतो. दुष्काळाला असे दार नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्गुणाची चर्चा करताना एक मार्मिक प्रश्न घेतला आहे: चाल करून जाण्यात धैर्य अधिक की टिकून राहण्यात? सेमिनरीत तो शिकताना आमच्यापैकी बऱ्याच जणांनी मनातल्या मनात चाल करणाऱ्याच्या बाजूने कौल दिला असेल. वयच तसे असते. थॉमस यांचा कौल टिकून राहणाऱ्याला आहे आणि त्याची कारणे ते देतात. चाल करणारा स्वतःला वरचढ समजून निघतो, टिकणाऱ्यासमोर मात्र त्याच्याहून प्रबळ काही उभे असते. चाल करणाऱ्याला संकट पुढे यायचे असते, टिकणाऱ्याच्या ते अंगावर आलेले असते. शिवाय चाल क्षणाचीही असू शकते. टिकण्याला काळ लागतो. ही कारणे आटपाडीत पडताळून पाहावीत. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून येथे दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. वर्षामागून वर्षे माणसे जमली, ठराव झाले, मोर्चे निघाले. आणि कृष्णेचे पाणी टेंभू योजनेतून उपसले जाऊन या तालुक्याच्या शिवारात पोचेपर्यंत परिषदेला कडेवर आलेली मुले बापे झाली होती. इतका काळ तग धरण्याला आपल्या भाषेत साहसासारखा झोकदार शब्द नाही, ही उणीव आम्हांस जाणवते.

एवढे म्हटल्यावर मुलाचा बेत निंद्य ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्वेच्छेने पत्करलेले कष्ट जर केवळ ढोंग असतील तर उपवास, पदयात्रा, वारी, व्रतस्थ दारिद्र्य हे सारेच ढोंग म्हणावे लागेल. त्या कष्टांनी माणूस कोणाजवळ गेला, हे पाहिल्याखेरीज त्यांची किंमत ठरवता येत नाही. येथे एका जुन्या कथेचा आधार घ्यावासा वाटतो. प्रवाशांचा आश्रयदाता म्हणून संत ख्रिस्तोफर यांचे पदक आजही कित्येक गाड्यांत लटकताना दिसते. १९६९ साली ख्रिस्तसभेच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून त्यांचा सण कमी करण्यात आला, पण वाहनचालकांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही! गंमत अशी, की प्रवाशांचा हा आश्रयदाता कथेच्या प्रसिद्ध भागात कोठेच लांब जात नाही. तो नदीच्या काठी राहतो आणि लोकांना खांद्यावर घेऊन ऐलतीरावरून पैलतीरावर नेतो. तीच नदी आणि तोच उतार, पण खांद्यावर दर खेपेस दुसरा माणूस. एका रात्री तो ज्या बालकाला नेतो त्याचे ओझे त्याला पेलवेना होते, आणि मग ते बालक कोण हे त्याला कळते. ख्रिस्तोफर या नावाचा अर्थही ख्रिस्ताला वाहून नेणारा असाच आहे.

या कथेशेजारी आम्ही अलीकडची एक खरी हकीकत ठेवतो. म्हैसूरचे डी. कृष्णकुमार बंगळूरला नोकरीत होते. वडिलांच्या पश्चात एकदा त्यांनी आईला, चूडारत्नम्मांना, विचारले की अमुक क्षेत्र तू पाहिलेस काय. त्यांचा जन्म एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात गेलेला. बेलूर-हळेबीड ही जवळची मंदिरेदेखील त्यांनी पाहिलेली नव्हती. मुलाने नोकरी सोडली आणि २०१८ च्या जानेवारीत आईला मागे बसवून तो भारतयात्रेला निघाला. वाहन कोणते, तर वडिलांनी घेऊन दिलेली जुनी बजाज चेतक. त्या स्कूटरवर मायलेकांनी भारतच काय, नेपाळ, भूतान आणि म्यानमारही पाहिला. अंतर पन्नास हजार किलोमीटरांहून अधिक झाले. वाटेत मठ-मंदिरांतून मुक्काम केले. स्कूटर जुनी, चालवणारा नवखा, मागे सत्तरीच्या घरातील वृद्धा. अशा प्रवासातील जोखीम आम्ही नाकारत नाही. पण येथे कष्ट विकत घेणारा एक आणि ज्याच्यासाठी घेतले तो दुसरा आहे. चूलच जिचे क्षितिज होती अशा स्त्रीचे देणे फेडण्याचा तो प्रयत्न होता.

देण्याची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगावेसे वाटते. प्रवासवर्णने आम्ही आवडीने वाचतो, परंतु त्यांतील एक रीत आम्हांस खटकते. खिंडीची उंची, दिवसांची संख्या, इंजिनाचे बिघाड यांची तपशीलवार नोंद असते. आणि मध्यरात्री उठून ज्याने चाकाचे पंक्चर काढले तो 'एक स्थानिक' असतो. ज्याचे अन्न खाल्ले त्याला नाव असते, घर असते, कदाचित कर्जही असते. दुबळ्या वाहनाचा प्रवासी इतरांहून अधिक हात पसरतो. म्हणून त्याच्यावरील ऋणही अधिक. ते विसरून घरी येऊन केवळ स्वतःच्या शौर्याची कहाणी सांगणे म्हणजे घेतलेले हिरावून नेणेच होय, आणि तेथे मनुस्मृतीतला साहस शब्द नेमका लागू पडतो.

त्या माऊलीला आम्ही सांगितले, की यात पाप आहे असे आम्हांला म्हणता येणार नाही. मात्र सासऱ्यांच्या गाडीचा मान राखण्याची तिची मागणी रास्त आहे. मुलाला हेच त्याच्या भाषेत सांगितले. वजन कमी करण्यासाठी किटल्यांचे हूक कापून टाकण्याचा त्याचा विचार होता. ते राहू देत, वाटेत कोणाचे तरी ओझे अडकवायला उपयोगी पडतील, असे आम्ही सुचवले. त्यावर तो हसला, हो म्हणाला नाही. लोखंड किती किलो भरेल याचा हिशेब तो करू लागला. तूर्त बागेत हस्त बहार धरलेला आहे आणि फळे उतरल्याशिवाय त्याला घर सोडता येणार नाही. मनाली-लेह रस्ताही तोवर बर्फाखालीच असतो.