प्रिय वस्तूचे दान आणि ममत्वाचा त्याग

गृहस्थाश्रमात दान नित्य घडत असते. वापरून जुने झालेले कपडे, वाचून झालेली पुस्तके, घरात अडगळ झालेली भांडी आपण कोणाला तरी देतो आणि मनास समाधान मिळते. हे वाईट नव्हे. वस्तू पडून राहण्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडली तर बरेच. परंतु अशा देण्याने मनाची परीक्षा होत नाही. जी वस्तू आपणास प्रिय आहे, जिच्यावर ‘माझी’ ही मुद्रा खोल उमटली आहे, ती देण्याचा प्रसंग आला म्हणजेच दान हे वस्तूचे होते की ममत्वाचे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. जयपूर नगरात टोंक रस्त्याच्या बाजूस गोपालपुरा नावाची वस्ती आहे. समजा, तेथील एका सुखवस्तू गृहस्थाच्या घरी वडिलांच्या काळची एक अमेरिकन मोटारगाडी आहे. १९६४ साली फोर्ड कंपनीची मस्टँग व पाँटियाकची जी.टी.ओ. या गाड्या निघाल्या. त्या काळातील ज्या प्रचंड शक्तीच्या गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात, त्यांपैकीच ही एक. गृहस्थाने ती जिवापाड जपली. आता तिचा त्याग करून अपंगांची सेवा करणाऱ्या संस्थेस ती द्यावी, असे त्याच्या मनात येते. पण लगेच शंकाही येतात. गाडी तशीच द्यावी की विकून पैसा द्यावा? ती शेवटी एखाद्या धनिक शौकिनाकडेच जाणार असेल, तर यात पुण्य कोणते? आणि देताना जीव तुटत असेल, तर ते दान शुद्ध म्हणावे काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, उलट उपकाराची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक. फेडीच्या किंवा फळाच्या आशेने, अथवा कष्टी होऊन दिलेले ते राजस. अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, अपात्राला, अनादराने दिलेले ते तामस. या विवेचनात वस्तूच्या किमतीचा उल्लेख कोठेही नाही. वस्तू लहान की मोठी हा प्रश्नच नाही; दात्याची वृत्ती आणि पात्राची योग्यता यांवर सारा भर आहे.

तथापि वस्तूची योग्यता अगदीच गौण आहे, असेही नाही. कठोपनिषदाच्या आरंभीची कथा वाचकांस ठाऊक आहे. नचिकेताच्या पित्याने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला, पण दक्षिणेत दिल्या त्या पाणी पिऊन संपलेल्या, दूध आटलेल्या, जराजर्जर गाई. बालकाच्या मनास ते टोचले. दान हे नाव, आणि अडगळ काढून टाकणे हे काम, अशी विसंगती त्याने ओळखली. आजही कोणी गंजून गेलेली, यंत्र बिघडलेली गाडी संस्थेच्या अंगणात नेऊन सोडली आणि तिच्या दुरुस्तीचा व हलवण्याचा भार संस्थेवर टाकला, तर ते नचिकेताच्या पित्याचेच दान होय.

अमेरिकेत मोटारी धर्मादाय संस्थांना देण्याची पद्धत फार प्रचलित आहे. तेथे अशा दानावर करात सवलत मिळते. पूर्वी दाता दरपत्रकावरून गाडीची किंमत ठरवून तेवढी सवलत मागत असे. संस्था मात्र ती गाडी लिलावात अल्प किमतीस विकत असे. २००३ साली सरकारी लेखातपासणीत अशी उदाहरणे आढळली की, दात्याने दाखवलेल्या किमतीचे शेकडा पाच भागही संस्थेच्या पदरात पडले नव्हते. म्हणून २००४ साली कायदा बदलला. संस्थेने गाडी विकली आणि मागणी पाचशे डॉलरांहून अधिक असली, तर सामान्यतः प्रत्यक्ष विक्रीत आले तेवढ्याच रकमेपुरती सवलत, असा नियम २००५ पासून लागू झाला. दानाच्या पावतीवर मोठा आकडा आणि दीनांच्या हाती लहान आकडा, या दोहोंमधील अंतर म्हणजेच दात्याच्या फलाशेचे माप होय. आपल्याकडे १९६१ च्या आयकर अधिनियमाने धर्मादाय देणगीवरील वजावट पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीसच ठेवली, वस्तुरूप देणगीस नाही. म्हणजे येथे गाडी देणाऱ्यास त्या वजावटीचा मोह उरतच नाही. मनाच्या शुद्धीला ही एक अनुकूलताच समजावी.

गाडी पुढे धनिकाकडेच जाणार, या शंकेचा विचार करताना एक अलीकडची घटना उपयोगी पडते. डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने केरळातील गुरुवायूर येथील श्रीकृष्णमंदिरास ‘थार’ नावाची गाडी अर्पण केली. देवास गाडीचे काय काम? म्हणून देवस्थानाने तिचा लिलाव केला. बोली लावणारा एकच निघाला आणि १५ लाख १० हजार रुपयांस ती सुटली. त्यावर आक्षेप निघाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जून २०२२ मध्ये फेरलिलाव होऊन त्याच गाडीचे ४३ लाख रुपये आले. यावरून दोन गोष्टी कळतात. वस्तू विकली गेल्याने अर्पणाचा लोप होत नाही. ते रूप पालटून सेवेस लागते. विकत घेणाऱ्याचा शौक हा त्याचा प्रश्न. आपल्या गाडीचे मूल्य पात्राच्या सेवेस पोहोचले की नाही, एवढाच दात्याचा प्रश्न. दुसरे असे की, दान स्वीकारणाऱ्याचाही धर्म असतो. मिळालेली वस्तू घाईने किंवा बेफिकिरीने कमी किमतीस घालवणे म्हणजे ज्यांच्यासाठी ती मिळाली त्यांचा वाटा बुडवणे होय.

आता सर्वांत नाजूक शंका. देताना डोळ्यांत पाणी आले, तर भगवंतांनी सांगितलेला कष्टी होऊन देण्याचा दोष लागतो काय? येथे दुःख आणि खंत यांत भेद केला पाहिजे. कन्येची पाठवणी करताना पित्याचे डोळे भरतात. म्हणून त्याने कन्या अनिच्छेने दिली, असे कोणी म्हणत नाही. वियोगाचे दुःख हे प्रेमाचे लक्षण आहे. ‘उगाच दिली, लोक काय म्हणतील म्हणून दिली, आता परत मिळेल काय’ ही खंत मात्र दानास मलिन करते. मागाहून संस्थेत जाऊन ‘माझ्या गाडीचे काय केलेत’ असा रुबाब करणे, गाडीवर आपले नाव राहावे असा हट्ट धरणे, ही त्याच खंतीची रूपे. वस्तू गेली, ममत्व मात्र घरीच राहिले! ज्याचे मन अजून इतके तयार नाही, त्याने थांबावे आणि तोवर लहान लहान प्रिय वस्तू देण्याचा अभ्यास करावा. संस्थाचालकांनीही भिडेस घालून, सभेत नाव पुकारून कोणाकडून काही काढू नये. तसे करणारा दात्यासच दोषाचा भागी करतो.

योग्य पात्र कोणते, याचे उत्तर त्याच जयपूर नगरात आहे. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात कुशल कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय सिद्ध केला. रबर, लाकूड आणि टायरमध्ये वापरतात तसली दोऱ्यांची रबरी पट्टी यांपासून तो घडतो. तो घालून माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून बसतो, शेतात राबतो. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय विनामूल्य बसवीत आली आहे. ज्या द्रव्याची चाके होऊन धनवानाची गाडी धावते, त्याच द्रव्याचा येथे निर्धनाचा पाय होतो. कधीतरी फेरफटक्यास निघणारी एक गाडी सोडल्याने कित्येक माणसे आपल्या पायांनी आपल्या उंबरठ्याबाहेर पडत असतील, तर ते वाहन थांबले असे का म्हणावे?

मात्र गृहस्थाने आणखी एक विचार केला पाहिजे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि विनोबांच्या भूदानाचा आरंभ झाला. दान म्हणजे उपकार नव्हे, तर योग्य वाटणी, हा आचार्य शंकरांनी केलेला अर्थ विनोबा आवर्जून सांगत. पुढे लाखो एकर जमीन मिळाली; पण तीत नापीक, खडकाळ आणि वादात अडकलेली जमीनही पुष्कळ निघाली. वाटणी म्हटली की घरच्यांचा वाटाही तीत आलाच. गाडी वडिलार्जित असेल, तर भावंडांचा तीत हक्क असू शकतो. पत्नीच्या औषधोपचारास किंवा मुलांच्या शिक्षणास पैसा अपुरा असता बाहेर दातृत्व मिरवणे हा धर्म नव्हे. घरच्यांस विश्वासात घेऊन, त्यांच्या संमतीने दिलेले दान सबंध कुटुंबाचे दान होते.

म्हणून कल्याणेच्छू गृहस्थाने असे करावे. प्रथम घरात विचारविनिमय करावा. गाडी चालू स्थितीत आणावी. तिच्यावर कर्जाचा बोजा किंवा थकलेला कर असल्यास तो स्वतः फेडावा. परिवहन कार्यालयात नोंदणी रीतसर संस्थेच्या नावे करून द्यावी, म्हणजे मागाहून कोणास त्रास होणार नाही. आपणास चांगला ग्राहक मिळवता येत असेल, तर विकून पैसा देणे अधिक हितावह. संस्थेस वाहनाची प्रत्यक्ष गरज असेल, तर गाडीच द्यावी. आणि एकदा दिल्यावर तिचा उच्चारही करू नये.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी दिसेल. त्या रिकाम्या जागेकडे पाहून मनात हळहळ उठली, तर घाबरू नये. तेथेच साधनेस आरंभ करावा. जे आपले कधीच नव्हते, केवळ काही काळ सांभाळावयास मिळाले होते, ते ज्याचे त्याच्याकडे पोहोचते झाले, हे स्वतःस समजवावे. अशा रीतीने एका वस्तूवरून सुटलेले मन पुढे देहगेहादी सर्व वस्तूंवरून सुटावयास शिकते.