तरणे बैल आणि कासरा



महात्मा बसवण्णांनी चंचल मनाला फांदीवरच्या माकडाची उपमा दिली आहे, हे आपण जाणताच. पण त्या वचनात ते स्वतःच्याच मनाविषयी बोलतात, दुसऱ्याच्या नव्हे, ही गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. आपण मात्र ते वचन घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ऐकवतो आणि वर म्हणतो, "याला संस्कारच नाहीत!"

खरोखर संस्कारांचीच उणीव आहे काय? शास्त्र सांगते की, थरार आणि आनंद यांची ओढ लावणारा मेंदूचा भाग मूल वयात येताच जोमाने जागा होतो. परिणामांचा विचार करून आवर घालणारा, कपाळामागचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत वाढत असतो. गाडीला तरणे बैल जुंपले गेले, पण कासरा अजून वळला जात आहे, अशी ही अवस्था आहे.

२००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी मुलांना व प्रौढांना पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. सवंगडी पाहत असले की १३ ते १६ वर्षांची मुले एकटी असतानापेक्षा पुष्कळ अधिक धोका पत्करीत. प्रौढांत तसा फरक पडला नाही. म्हणजे मुलाला धोका कळतच नाही असे नाही. सोबत्यांसमोर ते कळणे मागे पडते.

हुमनाबादच्या वीरभद्रेश्वर जत्रेला निघालेला मुलगा आठवून पाहा. एकटा असता तर तो सावकाश गेला असता. मागे दोन मित्र बसले की महामार्गावर ट्रकला मागे टाकण्याची ईर्ष्या चढते. कारंजा धरणाच्या पाण्यात खोल उडी घेणाराही काठावरच्या टाळ्यांसाठीच उडी घेतो. शरणांनी संगाला एवढे महत्त्व का दिले, हे येथे उमगते.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, चावी देऊ नये. गिअरच्या मोटारसायकलीला १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. "पोरगा हट्टी आहे" ही सबब तेथे चालत नाही.

दुसरी गोष्ट, त्याचे धाडस मारू नये. मुंज नाकारून बसवण्णा घराबाहेर पडले ते बालवयातच, असे परंपरा सांगते. तीही उडीच होती! धाडसाला योग्य जागा हवी. कुस्तीचा आखाडा द्या, रथोत्सवात दोर ओढणाऱ्यांची व्यवस्था सोपवा, दासोहाच्या पंगतीची जबाबदारी द्या. मित्रांना घरी बोलवा, त्यांची नावे जाणून घ्या.

कासरा वळून होईपर्यंत तो आपल्या हाती राहू द्या. पण बैलांना शिव्या देऊ नका. आपलेही मन त्याच फांदीवर आहे.