चारा आणि आमिष

सातवीच्या वर्गात मी इमाम बुखारींविषयी सांगितला जाणारा एक किस्सा सांगत होतो. हदीस ऐकण्यासाठी इमामसाहेब लांबचा प्रवास करून एका माणसाकडे पोहोचले. तो माणूस सुटलेला घोडा पकडण्यासाठी झोळी पुढे धरून त्याला बोलावत होता. झोळीत दाणा आहे का, असे विचारल्यावर त्याने नाही म्हटले. मुक्या जनावराला फसवणाऱ्याची रिवायत घ्यायची नाही, असे ठरवून इमामसाहेब आल्या पावली परतले. किस्साच आहे, त्याची सनद कोणी मागू नये. पण खरे बोलण्याचा धडा द्यायला आम्हा मास्तरांना तो फार सोयीचा पडतो. त्या दिवशी मात्र मागच्या बाकावरून, मच्छीमारी करणाऱ्या घरातला एक मुलगा उभा राहिला.

"सर, मग आपण गरीला कोळंबी लावतो ते?"

वर्ग हसला. सुटीच्या दिवशी मी दाभोळच्या खाडीवर गरवायला जातो, हे सर्वांना ठाऊक होते. मी म्हणालो, त्या माणसाची झोळी रिकामी होती, आपल्या गरीला खरी कोळंबी असते. उत्तर चलाखीचे होते आणि ते चलाखीचे आहे हे देणाऱ्यालाच आधी कळते.

उर्दूत गळाला लावायच्या खाद्याला 'चारा' म्हणतात. गाईम्हशींना घालतात तोही चाराच. पोसण्याला आणि फसवण्याला एकच शब्द! मराठीतल्या 'आमिष' शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष-निरामिष त्यातूनच आले. पुढे त्याचा अर्थ लालूच झाला. दोन्ही भाषांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती, मला त्या मुलाने विचारेपर्यंत नव्हती.

गरवणाऱ्याचे सारे कसब या चाऱ्यात असते. तंगूस, शिसे, गरी या दुकानात मिळणाऱ्या वस्तू आहेत. उधाणाच्या ओढीत शिसे ठरत नाही, म्हणून भांगाचे दिवस बरे, हेही कोणी सांगेल. पण तांबोशीसाठी जिवंत कोळंबी लावायची, तर तिच्या डोक्यातल्या काळसर ठिपक्याला धक्का न लावता शिंगाखालून गरी पार करावी लागते. ठिपक्याला टोक लागले की ती मरते. नीट लावली तर पुष्कळ वेळ पाण्यात पाय हलवत राहते आणि त्या हालचालीवर तांबोशी येते. म्हणजे ज्याला आपण हात बसणे म्हणतो, ते एका जिवाचे मरण लांबवण्याचे कौशल्य आहे. वीस वर्षांत मला हे असे दिसले नव्हते.

याचे एक कारण आपल्या मसल्यांत आहे. मासळीला जबीहा लागत नाही. सूरह माइदाने समुद्राची शिकार हलाल केली आहे, त्यात शंका नाही. (कोळंबी खावी की नाही, हा हनफी मित्रांचा वाद आम्हा कोकणातल्या शाफईंच्या स्वयंपाकघरात कधी शिरला नाही.) पण सुरी नाही म्हणून सुरीचा अदबही आपण सोडून दिला. बकऱ्याच्या वेळी धार पाहतो, एका जनावरासमोर दुसरे कापू नये म्हणतो. जिवाला त्रास न देता जबह करण्याची जी ताकीद हदीसमध्ये आहे, ती टोपलीत तडफडणाऱ्या शिंगाळ्यापाशी येऊन थांबते. त्याला कुठे कळते, असे आपण म्हणतो. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राऊट माशांच्या ओठांत आम्ल टोचून पाहिले, तेव्हा काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. गरी लागते ती ओठालाच.

मग जाळे बरे का? जाळे खोटे बोलत नाही. पण शिंगाळ्याचा नर मादीची अंडी तोंडात धरून वागवतो, पिल्ले निघेपर्यंत काही खात नाही. असा बाप गरीला सहसा लागायचा नाही. जाळ्यात मात्र तो तोंडातल्या अंड्यांसकट येतो. फसवणूक निवड तरी करते, हे मान्य करताना मला संकोच होतो, पण आहे ते आहे.

निवड म्हणजे काय, हाही प्रश्नच. आमच्या नात्यातल्या एका मुलाला एजंटाने आखाती देशात दुकानातली नोकरी सांगितली. तिथे गेल्यावर त्याच्या हाती मेंढ्या दिल्या. तो परत आला तेव्हा मोहल्ल्यात बोलले गेले, हाव नडली. त्याच्या घरी दोन बहिणींची लग्ने राहिली होती. भुकेला हाव म्हणणे चारा लावणाऱ्याच्या सोयीचे असते. सूरह आराफमधल्या सब्तवाल्यांच्या गोष्टीत तर शनिवारी किनाऱ्याशी येणारे मासे हाच चारा होता, आणि माणसे त्याला लागली.

मी गरवणे सोडलेले नाही. हौसेने आणलेली प्लास्टिकची कोळंबी तेवढी कपाटात टाकली; ती सरळ रिकामी झोळी आहे. खरी कोळंबी आता आधी मारून लावतो आणि मासा वर येताच त्याला सुरीने संपवतो. अम्मीच्या लक्षात आले ते एवढेच, की घरी तांबोशी कमी आणि शिंगाळे जास्त येऊ लागले. शिंगाळ्याचे काटे आधी मोडावे लागतात, लागले तर हात ठणकतो. मग हळद-मीठ लावून धुवायचा आणि सालनात लसूण व आमसुले सढळ घालायची. ती कुरकुरत का होईना, करते. एकदा तिला शिंगाळ्याच्या पोटात माझीच एक कोळंबी जवळजवळ अख्खी सापडली. "चला, याने एवढं तरी खाल्लं," ती म्हणाली.

मागच्या जुम्म्यानंतर तो मुलगा खाडीवर भेटला. आता तो दहावीला आहे.

"सर, काय लावलंय?"

"मेलेली कोळंबी."

"फसवणं तर तेच ना, सर. आणि मेलेलीवर तांबोशी यायची नाही," असे म्हणून तो डबा घेऊन पुढच्या खडकावर गेला. त्याच्या डब्यात पाणी हलत होते.